मामांची दुसरी कारकीर्द

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचं 1969 सालचं अधिवेशन लातूरला भरलं होतं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, स्वतंत्र जिल्हा व्हायला 1982 साल उजाडायचं होतं. त्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरीचा किताब पटकावला तो निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी. वय एकोणीसच्या आसपास. घरच्या मुलखात, आपल्या माणसांसमोर मिळालेला तो किताब. पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं.

निलंग्याहून एडिनबर्ग हे अंतर नकाशावर मोजून भागत नाही. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. तिथं दम लागतो, ताकद लागते आणि प्रतिस्पर्धी चुकेपर्यंत वाट पाहण्याची चिकाटी लागते. मॅटवर घड्याळ चालू असतं आणि गुणांवर गुण चढत असतात. हौद्यात वाढलेल्या पैलवानाचे पायही मॅटवर वेगळे पडतात. ही दोन शास्त्रं एका अंगात मुरवणारे मल्ल त्या काळात फार थोडे होते. बिराजदार त्यांतले एक, आणि पुढं तीस-चाळीस वर्षं त्यांनी पोरांना जे शिकवलं त्याचा पाया मला इथंच दिसतो.

मराठवाड्यातल्या या पोराला घडायला मात्र कोल्हापूरला जावं लागलं. याचं मूळ इतिहासात आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी बहरल्या. आपला मराठवाडा मात्र सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. गावोगावी मारुतीच्या देवळाशेजारी आखाडे होते, पोरं जोर-बैठका मारत होती, जत्रेत फड रंगत होते. पण पैलवानाचा खुराक, राहणं आणि वस्ताद यांची सोय वर्षानुवर्षं लावणारी व्यवस्था इथं उभी राहिली नाही. अंगात रग असलेला पोरगा वळकटी बांधून पश्चिमेकडं निघायचा. भोकर, किनवट, मुखेड, उदगीर, निलंगा, कुठलाही तालुका घ्या, हीच रीत. ती अजून मोडलेली नाही.

बिराजदार यांनी रुस्तम-ए-हिंद हा किताबही मिळवला. पण जुन्या शौकिनांसमोर त्यांचं नाव काढलं की बहुतेकांना आठवते ती बेळगावची कुस्ती. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सतपाल सगळ्या देशात गाजत होता. या सतपालला बिराजदारांनी बेळगावच्या मैदानात हरवलं. पुढं 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये सतपाल सुवर्णपदक विजेता ठरला, यावरून त्या विजयाचं वजन कळावं.

या दोघांची आयुष्यं पुढं सारख्याच वाटेनं गेली. सतपाल दिल्लीत छत्रसाल स्टेडियममध्ये वस्ताद झाले आणि त्यांच्या हाताखालून सुशील कुमार ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत स्थिरावले आणि सगळ्यांचे मामा झाले. लातूर जिल्ह्याचाच काका पवार त्यांच्याकडं आला, आंतरराष्ट्रीय मल्ल झाला, अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात मामांच्या हाती आला. पहाटे पोरांना उठवायचं, सराव करून घ्यायचा, कोण दूध पितो नि कोण चुकवतो यावर नजर ठेवायची, दुखापत झाली की घरच्यासारखं बघायचं. वस्तादाचं काम हे असं, दररोजचं. किताबाची बातमी येते, या कामाची येत नाही. केंद्र सरकारनं 2006 मध्ये मामांना ध्यानचंद पुरस्कार दिला. निवृत्तीनंतरही खेळासाठी झिजणाऱ्यांसाठीच तो सुरू झाला होता, त्यामुळं तो योग्य माणसाला मिळाला असं मी मानतो.

सप्टेंबर 2011 मध्ये मामा गेले. राहुल तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. तो काका पवारांकडं गेला, म्हणजे एका अर्थानं मामांच्याच तालमीत राहिला. त्याची वाट सोपी नव्हती. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच्या वजनात दुसरा मल्ल गेला, 2016 चं रिओ ऑलिम्पिकही हुकलं. इतकं सोसून एखाद्यानं लंगोट खुंटीला टांगला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. एप्रिल 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला 57 किलो गटाच्या अंतिम फेरीत त्यानं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला 15-7 असं हरवलं आणि ते सुवर्णपदक मामांना अर्पण केलं. एडिनबर्गनंतर 48 वर्षांनी. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात त्यानं कांस्यपदक मिळवलं.

जानेवारी 2020 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली ती हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. सदगीर जिंकला. त्या दिवशी हरला-जिंकला कोण याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोघांच्याही अंगात मामांची विद्या तिसऱ्या पिढीत उतरली होती.

ही विद्या घ्यायला आपल्या पोराला गाव सोडावं लागतं, पण सगळीकडं तसं नाही. आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा त्यांच्या मातीतला जुना खेळ आहे. 1884 मध्ये स्थापन झालेली त्यांची संघटना तो आजही हौशी पातळीवर चालवते. शेती, शिक्षकी, नोकरी सांभाळून खेळाडू पंधरा-पंधरा वर्षं आपल्या परगण्यासाठी खेळतो, पगार घेत नाही, आणि मैदान, क्लब, शिकवणारा सगळं त्याला गावातच मिळतं. आपल्या पैलवानाची निष्ठा तेवढीच आहे. गावात राहून मोठं होण्याची सोय तेवढी नाही.

दिवाळी सरली की आपल्याकडं जत्रांचे दिवस येतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होते, भोकर तालुक्यातल्या गावांतही हलगी वाजते, नारळापासून मोठ्या इनामापर्यंत जोड्या लागतात. त्या इनामाला माझा विरोध नाही, पैलवानाचा तो हक्क आहे. पण सोयाबीन-कापसाच्या भावावर जगणाऱ्या बापाला पोराचं दूध, तूप, बदाम वर्षभर पुरवता येत नाहीत, आणि वर्षातून एका दिवसाच्या इनामानं ते भागतही नाही. जत्रा कमिट्यांना माझी विनंती आहे: यंदाच्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढा. त्यातून गावच्या तालमीला मॅट घ्या, आणि जो जुना पैलवान आजही फुकट पोरं शिकवतो त्याला महिन्याचं मानधन बांधून द्या.