पुढचा ब्रेक घरी बदलताना

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील पार्सिपनी गावात पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात. तेथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्या बेटावर समुद्राचा वाराच मीठ आणतो. मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकला दोन्ही घातकच.

आपल्यापैकी पुष्कळजण पुढचे पॅड घरीच बदलतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो: दोन्ही पॅड एकदम बदला. पिस्टन आधी स्वच्छ पुसा, मग हळूहळू आत ढकला. पॅडला तेलकट हात लावू नका.

काम झाले की निघण्यापूर्वी ब्रेकची लिव्हर कडक लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबा. पिस्टन मागे गेलेले असल्याने पहिला दाब रिकामा जातो. तो घराच्या अंगणातच जावा, रस्त्यावर नव्हे.