दंतस्वच्छतेची पदवी : प्रवेश घेण्यापूर्वी

“फादर, अमेरिकेत दातांच्या स्वच्छतेचीही पदवी मिळते म्हणे, ती घेतली की मुलगी दातांची डॉक्टर होते का?” असा प्रश्न काही पालक आम्हांस विचारतात. उत्तर ‘नाही’ असे आहे. तथापि हा व्यवसाय सन्मानाचा असल्याने त्याची नीट ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

डेंटल हायजिनिस्ट दातांवरील किटण काढतो, हिरड्या तपासतो, क्ष-किरण छायाचित्रे घेतो आणि दातांची निगा कशी राखावी हे रुग्णास शिकवितो. रोगाचे निदान आणि शस्त्रक्रिया ही सामान्यतः दंतवैद्याची कामे होत. डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपल्या सहायिका आयरीन न्यूमन यांना हे काम शिकविले आणि १९१३ मध्ये कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे या विषयाची पहिली शाळा काढली. तेथील पदविकाधारक स्त्रिया शहरातील शाळांत जाऊन मुलांचे दात स्वच्छ करू लागल्या. रोग होण्यापूर्वीच तो टाळावा, हा या व्यवसायाचा पाया आहे.

अमेरिकेत या शिक्षणाचे दोन मार्ग आहेत. पहिला, सुमारे तीन वर्षांत पूर्ण होणारी असोसिएट पदवी; दुसरा, चार वर्षांची बॅचलर पदवी. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, हिरड्यांचे विकार आणि प्रत्यक्ष रुग्णसेवा हे विषय दोहोंत असतात. दोहोंनंतर राष्ट्रीय लेखी परीक्षा व त्या त्या राज्याचा परवाना आवश्यक असतो, आणि दवाखान्यात काम करण्यासाठी दोघांनाही परवाना एकच मिळतो. मग एक वर्ष अधिक कशासाठी? अध्यापन, सार्वजनिक आरोग्य, संशोधन अथवा पुढील पदव्युत्तर शिक्षण यांची दारे बॅचलर पदवीने उघडतात.

येथेच सावध राहावे. परवाना आधीच मिळविलेल्यांसाठी ‘पदवीपूर्तीचे’ अभ्यासक्रम असतात व ते पुष्कळदा घरबसल्या संगणकावर करता येतात. त्यांतून नव्याने परवाना मिळत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : अभ्यासक्रमास ‘कमिशन ऑन डेंटल अॅक्रेडिटेशन’ची मान्यता आहे काय, आणि तो पूर्ण केल्यावर परवाना परीक्षेस बसता येते काय?

आपल्या देशातही हा व्यवसाय नवा नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची स्वतंत्र नोंदणी ठरविली आणि त्यासाठी दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालतो. मात्र त्या पदविकेवर अमेरिकेत थेट काम मिळेल, असे गृहीत धरू नये.

जमीन विकून वा कर्ज काढून मुलांना परदेशी धाडणाऱ्या पालकांना आमचे सांगणे इतकेच : पदवीचे नाव पाहून भुलू नका, तिच्या शेवटी कोणते काम करण्याचा अधिकार मिळतो, हे आधी पाहा.