चरबीची गाठ : भय किती, दक्षता किती

खामगावच्या कापूसबाजारात किंवा मलकापूरच्या पेढीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मानेवर, पाठीवर वा दंडावर त्वचेखाली सरकणारी मऊ गाठ कित्येकदा दिसते. ती दुखत नाही, म्हणून कोणी तिची वाच्यता करीत नाही. ही बहुधा मेदार्बुदाची गाठ. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात.

अवयवांना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊतकास संयोजी ऊतक म्हणतात. चरबी, तंतू, कूर्चा, अस्थी ही त्याचीच रूपे. त्यांतील पेशी मर्यादेबाहेर वाढल्या की मेदार्बुद, तंत्वार्बुद, कूर्चार्बुद अशी अर्बुदे होतात. साधे अर्बुद सहसा सावकाश वाढते आणि दूरच्या अवयवांत पसरत नाही. ते संसर्गजन्य नाही. मुलीच्या दंडावरील अशी गाठ लग्न ठरेपर्यंत झाकून ठेवण्याची रीत म्हणूनच अनाठायी वाटते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मेदोज ग्रंथी शरीराबरोबर वाढते व घटते असे म्हटले आहे. घटण्याविषयी आजचा अनुभव निराळा आहे. चातुर्मासातील उपवासांनी वजन उतरते, गाठ मात्र बहुधा तेवढीच राहते. तूप-तेल सोडूनही ती विरत नाही. बिब्बा लावल्याने तर केवळ कातडी भाजते.

खरा धोका निराळाच. याच ऊतकांतून क्वचित सार्कोमा हा कर्करोगही उद्भवतो, आणि आरंभी तोही न दुखणारी गाठच असतो. पाच सेंटिमीटरहून मोठी, काही आठवड्यांत वाढलेली, स्नायूंखाली खोल रुतलेली किंवा काढल्यावर पुन्हा आलेली गाठ असेल, तर ‘सीझन आटोपला की दाखवू’ हा हिशेब महागात पडतो. अशा गाठीवर घाईने सुरी चालवू नये. आधी सोनोग्राफी वा एमआरआय, मग सुईने तुकडा घेऊन तपासणी. तपासणीविना अर्धवट कापलेला सार्कोमा पुढील शस्त्रक्रिया अवघड करून ठेवतो.

खामगाव, शेगाव, नांदुरा येथील कुटुंबांना अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. चिखली, देऊळगाव राजाकडील मंडळींना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. साधी म्हणून काढलेली गाठही फेकून देऊ नये. ती फॉर्मेलिनच्या बरणीत पॅथॉलॉजीकडे जाते ना, हे घरच्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे, आणि अहवाल दुकानाच्या कागदपत्रांइतकाच जपून ठेवावा.