भुकेच्या वेळी एक मिनिट: उपवासकाळातली प्रार्थना

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण फक्त साबुदाण्याच्या खिचडीपुरती आहे, असं आम्हा ख्रिस्ती लोकांनी समजायचं कारण नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण चालत नाही म्हणून तळलेले मासे आणले आणि पोटभर जेवलो, तर नियम मोडत नाही. पण उपवास घडला का?

आधी नियम काय आहे ते पाहू. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात. त्यातले 6 रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून उरतात 40. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार सक्तीचे उपवास दोनच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून 60 वं वर्ष लागेपर्यंत ते पाळायचे. दिवसात एक पूर्ण जेवण, आणि लागलंच तर दोनदा थोडंसं खाणं. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षं पूर्ण झाल्यापासून लागू होतो. आजारी माणसाला सूट आहे.

ताटाचं गणित असं स्पष्ट आहे. प्रार्थना मात्र आपल्यावर सोपवलेली आहे आणि अडचण नेमकी तिथेच येते. 2025 मध्ये रमजानचे रोजे 2 मार्चला सुरू झाले आणि राखेचा बुधवार 5 मार्चला आला. बिदरसारख्या शहरात त्या दिवसांत एक गोष्ट सहज दिसते. रोजा अजानशी बांधलेला असतो. भूक आणि नमाज एकाच घड्याळावर चालतात. वारकऱ्यांच्या एकादशीला हरिपाठ आणि कीर्तन असतं. मग आपल्या उपवासाला काय जोडायचं?

याचं उत्तर आपल्याच परंपरेत आहे आणि ते फार जुनं आहे. ‘दीदाखे’ नावाचं एक छोटंसं ग्रीक पुस्तक आहे, अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या काळातलं. ते शतकानुशतकं हरवलेलं होतं. 1873 मध्ये त्याचं हस्तलिखित सापडलं आणि 1883 मध्ये ते छापलं गेलं. त्याच्या आठव्या प्रकरणात दोन सूचना लागोपाठ येतात: बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करा, आणि प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. बस्स, एवढंच. त्यात लांबलचक विधी नाहीत, पुस्तकही लागत नाही.

मला वाटतं, विद्यार्थ्यांना झेपेल अशी सवय हीच. ती लावायची कशी?

वेळ भुकेला जोडा. ‘सकाळी 6 वाजता उठून अर्धा तास’ असा संकल्प परीक्षेच्या दिवसांत टिकत नाही. त्याऐवजी आपण जे खाणं सोडलंय, त्याचीच वेळ धरा. चार वाजताचा चहा सोडला असेल तर चार वाजता पोट आपोआप आठवण करून देईल. वेगळा अलार्म लागत नाही.

प्रार्थना छोटी ठेवा. प्रभूच्या प्रार्थनेत सात मागण्या आहेत आणि आठवड्याचे दिवसही सात. पूर्ण प्रार्थना म्हणा, पण रोज एका मागणीवर क्षणभर थांबा. रविवारपासून मोजलं तर चौथी मागणी, भाकरीची, बुधवारी येते. म्हणजे त्या जुन्या उपवासाच्याच दिवशी.

चुकलं तर दंड नको. दुपारची राहिली तर संध्याकाळची म्हणा. थकबाकी फेडल्यासारखी दुप्पट म्हणायला लागलो की सवय ओझं होते.

गाजावाजा नको. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की, उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कुणाला कळू देऊ नका. त्याच अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास एकापाठोपाठ येतात. म्हणून वाचलेल्या चहाचे पैसे डब्यात टाका आणि ईस्टरआधी कुणा गरजूला द्या. नाहीतर उपवास म्हणजे नुसतं डाएट.

आता प्रश्न भाषेचा. कोळारकडच्या आमच्यासारख्यांच्या घरात मराठी, चर्चमध्ये कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी. प्रार्थना तिन्ही भाषांत पाठ असते. पण भाकरीच्या मागणीपाशी फरक कळतो. कन्नडमध्ये तिथे ‘आहार’ आहे, इंग्रजीत ‘ब्रेड’, आणि मराठीत ‘भाकर’. बिदर-कलबुर्गीच्या ज्वारीच्या मुलखात भाकर म्हणजे काय, हे उपाशी पोटाला समजावून सांगावं लागत नाही. तव्यावरचा वास आठवतो. ज्याच्या घरी आज ती नाही, तोही आठवतो. पाठ केलेले शब्द असे अचानक जिवंत होतात.

फादर स्टीफन्स यांना हे 400 वर्षांपूर्वीच कळलं होतं. मूळचे इंग्रज असूनही त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत लिहिलं. 1616 मध्ये ते गोव्यात राशोल इथे छापलं गेलं आणि चर्चमध्ये रविवारी, सणाच्या दिवशी वाचलं जाऊ लागलं. ओवी हा तर जात्यावरचा छंद: हात कामात आणि ओठांवर देव. प्रार्थनेसाठी कामातून वेगळा वेळ काढण्यापेक्षा ती कामालाच बांधायची, ही युक्ती आपल्या बायकांना कधीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे आता जातं राहिलेलं नाही, पण भूक आहेच.

तेव्हा येत्या राखेच्या बुधवारी मोठे संकल्प नकोत. एक खाणं सोडा, त्या वेळेला एक मिनिट द्या, आणि ज्या भाषेत तुम्हाला भूक लागते त्या भाषेत प्रार्थना करा.