गावात उजेड, भिंतीत तार

सुरतेवर लिहायचं म्हटलं की संपादकांना साड्या आठवतात, नाहीतर हिरे. या वेळी मी आधीच सांगून टाकलं की दोन्हीतलं काही मिळणार नाही. उधन्याला एका नातेवाइकाच्या घरी कानावर आलं होतं, की बमरोलीत मोटर वाइंडिंग करणारे एक भाऊ पोराच्या प्लॅस्टिकच्या विटांच्या गावात दिवे बसवतात आणि गणपतीत ते बघायला गल्ली लोटते. तेवढ्यावर गेलो.

बमरोली म्हणजे पांडेसरा-उधन्याला लागून असलेला मागांचा भाग. दिवसपाळी, रातपाळी, बारा-बारा तास खडखड. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनने आलेली मराठी घरं या पट्ट्यात पुष्कळ. माग आहेत म्हणून मोटरी आहेत, मोटरी जळतात म्हणून वाइंडिंगवाले आहेत. भाऊ त्यांतलेच. नाव छापायचं नाही ही त्यांची पहिली अट होती, आणि पोराचा फोटो काढायचा नाही ही दुसरी.

गाव पलंगाशेजारी एका प्लायवर मांडलेलं. दोन मजली घरं, एक दुकान, शाळा, स्टेशन आणि मधोमध एक लांब शेड. ही शेड म्हणजे मागांचा कारखाना, हे मला सांगावं लागलं नाही. बाकीच्या घरांत पिवळसर उजेड, तिच्यात पांढराफटक. आणि बाकीचं गाव झोपलं तरी तिचा दिवा विझत नाही, कारण तिला बटणच दिलेलं नाही. शाळा पूर्ण काळोखात. रात्री शाळेत कोण असतं, असा पोराचा हिशोब. एका घराची वरची खिडकीही मुद्दाम अंधारी ठेवली आहे. सगळ्या खिडक्या पेटवल्या की गावाचं लग्नाचं कार्यालय होतं, हे ज्याला कळलं त्याला निम्मी कला कळली.

इतिहास थोडक्यात. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगो कंपनीने दिव्याची वीट 1957 मध्येच बाजारात आणली होती. विटा आज ज्या पकडीने एकमेकींना धरतात, तिच्या पेटंटचा अर्ज झाला 28 जानेवारी 1958 रोजी, म्हणजे त्यानंतर. त्या सालची वीट आजच्या विटेवर अजून बसते. भाऊंच्या गावात मात्र अस्सल विटा थोड्या. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयातशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. त्यामुळे भर आहे तो देशी विटांचा आणि कुणाची मुलं मोठी झाली म्हणून मिळालेल्या जुन्या डब्यांचा. गंमत अशी, की नकली विटा जरा सैल बसतात आणि त्या सैलपणातून तार सुखाने जाते. अस्सल वीट तारेला दाद देत नाही.

खरा झगडा तिथेच आहे. विटेच्या माथ्यावरची गोल बटणं एकमेकांपासून 8 मिलिमीटरवर असतात, प्रत्येक 4.8 मिलिमीटर रुंद. म्हणजे दोन बटणांमध्ये 3.2 मिलिमीटरची गल्ली उरते. एवढी जागा चिक्कार वाटते. पण वरची वीट बसली की तिची भिंत खालच्या विटेच्या माथ्यावर टेकते, आणि त्या भिंतीखालून तार काढायची तर जागा शून्य. जाड प्लॅस्टिकची वायर घातली तर वीट वर उचलली जाते, चार थरांत भिंत तिरकी होते.

भाऊंच्या दुकानात याचं उत्तर रिळावर गुंडाळलेलंच होतं. पंख्याच्या वाइंडिंगची 36 गेजची तार, जाडी 0.2 मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी, वर प्लॅस्टिक नाही, नुसतं इनॅमल. ही तार भिंतीखाली चिरडली तरी वीट बसते. टोकाचं इनॅमल ते ब्लेडने खरवडतात, मग भिंगाखाली तांदळाच्या कणीहूनही लहान एलईडीला डाग देतात. कितीतरी वेळ मी ते हातच बघत होतो. चिमट्याने एलईडी धरलेला, श्वास रोखलेला, डाग एका क्षणाचा. सोल्डरिंगचं टोक विटेच्या आसपासही आणायचं नाही; प्लॅस्टिक लगेच मऊ पडतं. म्हणून सगळे डाग आधी टेबलावर, नंतर बांधकाम.

पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, मोबाइलचा चार्जर देतो 5. मधले 2 व्होल्ट खायला रेझिस्टर हवा. 470 ओहमचा लावला की दिव्यातून जेमतेम 4 मिलिअँपिअर जातात, आणि एवढ्याशा घराला तेवढा उजेड पुरतो. पूर्ण 20 मिलिअँपिअर दिले तर खिडकीतून उजेड नाही, सर्चलाइट येतो. पांढऱ्या-पिवळ्या विटांच्या तर भिंतीच आकाशकंदिलासारख्या पेटतात. त्यावर उपाय घरगुती आहे: भिंतीला आतून काळी टेप.

आता भाऊंची खरी हुशारी. बहुतेक लोक रेझिस्टर एलईडीशेजारी जोडतात. भाऊ तो खाली, प्लायच्या तळाशी, चार्जरकडच्या टोकाला बसवतात. भिंतीत कुठे इनॅमल खरडून दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर चार्जरवर ताण येत नाही; रेझिस्टरमधून 10-11 मिलिअँपिअर वाहतात, तेवढा एकच दिवा विझतो आणि बाकी गाव जागं राहतं. कोणता दिवा गेला ते दिसतं, म्हणजे कोणती भिंत खोलायची तेही कळतं. रेझिस्टर वर असता तर त्या एका चिकटण्याने चार्जर बंद पडून अख्खं गाव अंधारात गेलं असतं.

पण याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक दिव्याला तळापासून स्वतःची तार हवी. परतीची तार घरटी एकच केली तरी चार खिडक्यांच्या घरात पाच तारा चढवाव्या लागतात, आणि जितक्या तारा जास्त तितक्या चिरडण्याच्या जागा जास्त.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 पासून आहे. सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल असं सगळं शहर तिथे गाड्यांभोवती उभं केलं आहे. छोट्या शहराच्या रात्रीचा नाद लागलेल्या मराठी माणसाने ते पाहायलाच हवं. मात्र त्या कामात आणि या कामात मोठा फरक आहे. अशा कायमच्या मांडणीत घर टेबलावर ठरल्या जागी असतं, तार खाली सोडून मोकळं होता येतं. विटांचं गाव मोडण्यासाठीच असतं.

आणि भाऊंचं कोडं इथेच सुटत नाही. पोराला स्टेशन उचलून शाळेजवळ न्यायचं असतं. दुकानाचा त्याला किल्ला करायचा असतो. दिवे येण्याआधी तो हे रोज करत होता. आता प्रत्येक घर भिंतीतल्या तारांनी प्लायला बांधलेलं आहे, हात लावायचा तर बाबांना विचारून. घराखाली पिनांचा जोड देऊन अख्खं घर सुटं करायची सोय भाऊंनी काही ठिकाणी केली आहे, पण घर मोडून दुसरं बांधायचं तर तारा कापाव्याच लागतात. पोरगा हल्ली गाव दाखवतो जास्त, खेळतो कमी. भाऊंना हे दिसतंय, त्यांनीच मला सांगितलं. माझं मत विचाराल तर निम्मं गाव बिनदिव्याचं ठेवावं आणि ते पोराच्या ताब्यात द्यावं.

बाकीच्या अडचणी किरकोळ, पण संपत नाहीत. मागांच्या वस्तीत कापडाचा बारीक भुसा घरात येतो आणि बटणांच्या गल्ल्यांत बसतो. ओलं फडकं चालत नाही, ब्रशच लागतो. प्लायखाली एकाच लांब तारेवरून पन्नास दिव्यांना वीज दिली तर शेवटचे मंद होतात, म्हणून गावाच्या दोन टोकांना दोन जाड वायरी वेगळ्या न्याव्या लागतात. दरवर्षी दोन-तीन दिवे जातात. ते त्यांनी धरूनच ठेवलंय.

घरी हे करून बघणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. गणपतीची स्वस्तातली सिरीज थेट 230 व्होल्टवर चालते. ती कापून खेळण्यात घालू नका, मोबाइलच्या चांगल्या चार्जरचे 5 व्होल्ट पुरे आहेत. आणि बटणासारखे चपटे सेल, सोय वाटली तरी, लहान मूल असलेल्या घरात वापरू नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही ती जाळू शकतो. तशी शंका जरी आली तरी वाट न बघता मुलाला हॉस्पिटलात न्या.