भुरळ की निवड?

चांगल्या घरातील विशी-बाविशीचा मुलगा कॉलेज सोडतो, एका नव्या पंथात जाऊन राहतो, आणि 'यापुढे हेच माझे कुटुंब' असे घरी कळवतो. आईबापांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते हेच, 'त्याला कोणीतरी भुरळ घातली!' १९७० नंतर इंग्लंडमधील अनेक घरांनी हा प्रसंग अनुभवला. सन म्युंग मून यांनी १९५४ साली कोरियात स्थापन केलेला 'युनिफिकेशन चर्च' हा पंथ तेव्हा तेथे पसरत होता. भुरळीलाही 'ब्रेनवॉशिंग', म्हणजे मेंदू धुऊन काढणे, असे शास्त्रीय वाटणारे नाव मिळाले होते.

या शब्दात तथ्य किती, हे पाहण्याचे काम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील आयलीन बार्कर यांनी हाती घेतले. या विदुषी पूर्वायुष्यात नटी होत्या, हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल. पंथाच्या पैशावर त्यांनी हे संशोधन केले नाही. त्यासाठी सार्वजनिक अनुदान घेतले. अनुयायांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या, त्यांच्या शिबिरांत राहून पाहिले, प्रश्नावल्या भरून घेतल्या. शिवाय त्याच वयाच्या, पण पंथात नसलेल्या तरुणांशी तुलना केली.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. शिबिरातील प्रभाव जर अनिवार असेल, तर तेथे आलेला बहुतेक प्रत्येकजण पंथात शिरला पाहिजे. प्रत्यक्षात १९७९ साली लंडन भागातील शिबिरांना आलेल्या हजाराहून अधिक लोकांपैकी सुमारे ९० टक्के पंथात गेलेच नाहीत. जे गेले, त्यांतलेही पुष्कळजण काही वर्षांत आपण होऊन बाहेर पडले. गेलेले सारे दुबळ्या मनाचे होते असेही नाही. सेवा आणि कर्तव्य यांचे संस्कार झालेल्या घरांतील ध्येयवादी मुले त्यांत बरीच होती. हे सारे १९८४ च्या त्यांच्या ग्रंथात आले आहे.

यात केवळ पांडित्याचा प्रश्न नव्हता. मुलाचा मेंदूच धुतला गेला असे एकदा मानले, की सज्ञान मुलाला पळवून कोंडून ठेवणे हाही उपाय ठरतो. काही पालकांनी पैसे मोजून तसे करवले, आणि त्यात उरलेसुरले नातेही अनेकदा तुटले. म्हणून १९८८ साली बार्करबाईंनी सरकारच्या गृहखात्याच्या साह्याने 'इन्फॉर्म' ही माहिती देणारी संस्था काढली. घाबरलेल्या पालकांना तेथे पंथाची खरी माहिती मिळे, त्यातील धोक्यांसह.

त्यांच्यावर टीकाही झाली. पंथाने खर्च सोसलेल्या परिषदांना त्या गेल्या होत्या; विरोधकांनी त्यांना पंथाच्या कैवारी म्हटले. ही शंका अगदीच गैरलागू होती असे आम्ही म्हणणार नाही. पण आकड्यांना उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते.

बार्करबाईंचे आकडे पंथाला निर्दोष ठरवत नाहीत. आपल्या इच्छेने गेलेल्या माणसाचीही पिळवणूक होऊ शकते. म्हणून भुरळ कोणी घातली, हे विचारून थांबू नये. मुलाला तेथे काय मिळाले, पैसा कोणाच्या हाती आहे, परत यायची वाट मोकळी आहे का, हे विचारावे. आणि त्या वाटेचे आपल्याकडचे दार मात्र आपण कधी लावून घेऊ नये.