संगणक मंदावला म्हणजे प्रोसेसर गेला असे नाही

घरी जोडलेला डेस्कटॉप गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केल्यावर दहा मिनिटांत रखडू लागला, की ‘प्रोसेसर गेला’ असा निष्कर्ष काढला जातो. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. तो थ्रॉटलिंग (तापल्यावर स्वतःहून वेग कमी करणे) करत असतो.

घाट चढताना इंजिन तापले, काटा लाल रेषेकडे सरकला, की जाणता ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करतो. प्रोसेसरही तेच करतो. आजच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे शोधायचे ते उष्णता अडण्याचे कारण.

काम चालू असताना तापमान पाहा आणि कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढा. तापमान बरेच उतरले, तर आत हवा खेळत नाही: जाळीवरची धूळ काढा, पंख्यांची दिशा तपासा. फारसे उतरले नाही, तर कूलर (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा व पंखा) प्रोसेसरवर नीट टेकलेला नसावा. संगणक बंद करून, प्लग काढून कूलर हलकेच फिरवत उचला. तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिलेली कधीकधी इथेच सापडते. थर्मल पेस्ट (मधल्या सूक्ष्म फटी भरणारा लेप) वाळली असेल, तर जुनी पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावा.

नवा प्रोसेसर घेण्याआधी एवढी तपासणी जरूर करा.